‘यूज्ड टू’ : असे की असतो?

दिवाळी अंकात व्याकरण काढू नये, हे मला कळते. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक अशा बेताने बसलेल्या वाचकापुढे क्रियापद ठेवणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे. पण या सदराचे नेहमीचे वाचक माझी खोड ओळखून आहेत. त्यांनीच वर्षभर पत्रांतून आणि जिन्यात गाठून एक प्रश्न मला पुनःपुन्हा विचारला. त्याचे उत्तर सदराच्या नेहमीच्या जागेत मावण्यासारखे नव्हते. दिवाळी अंकात जागा ऐसपैस मिळते, म्हणून तो प्रश्न आजवर राखून ठेवला होता.

प्रश्न आहे ‘यूज्ड टू’चा.

दोनच शब्द. दिसायला गरीब, उच्चाराला सोपे. शाळेत ते कधीतरी येतात आणि मग जन्मभर सोबत करतात. पण आपल्याकडचा इंग्रजी बोलणारा माणूस पुष्कळदा हे दोन शब्द वापरून मनात असते त्याच्या नेमके उलट सांगून बसतो. गंमत अशी, की ही चूक कानाला मुळीच खटकत नाही. ‘ही गो टु ऑफिस’ असे कोणी म्हटले तर शाळकरी पोरगेही हसेल. ‘ही यूज्ड टू गो टु ऑफिस’ म्हटले तर कोणी हसत नाही. उलट बोलणाऱ्याचे इंग्रजी पक्के आहे असे वाटते. आणि वाक्य व्याकरणाने शुद्ध असतेही. फक्त ते खोटे असते.

नोकरीच्या मुलाखतीतला हा नेहमीचा प्रसंग घ्या. उमेदवाराला विचारतात, फावल्या वेळात आपण काय करता? तो ताठ बसून सांगतो, ‘आय यूज्ड टू रीड बुक्स, सर.’ त्याच्या मनात असते, ‘मी पुस्तके वाचत असतो.’ समोरच्या, इंग्रजीत मुरलेल्या माणसाला ऐकू येते, ‘मी पूर्वी पुस्तके वाचत असे.’ म्हणजे आता वाचत नाही. तो सौजन्याने विचारतो, ‘अँड नाउ?’ आणि उमेदवार गोंधळात पडतो, की आताच तर सांगितले, हा पुन्हा काय विचारतो?

मुलाखतीत फार तर एक नोकरी हुकेल. पण लेकीकडे परदेशी गेलेले आजोबा तिथल्या डॉक्टरांना जेव्हा सांगतात, ‘आय यूज्ड टू टेक टॅब्लेट्स फॉर बी. पी.’, तेव्हा डॉक्टर कागदावर काय लिहील? गोळ्या पूर्वी घेत होते, आता बंद आहेत. आजोबा तर आज सकाळीच गोळी घेऊन निघालेले असतात!

हे असे का होते? आपली माणसे बेफिकीर आहेत म्हणून नव्हे. उलट ती अधिक काळजीपूर्वक बोलायला जातात म्हणून होते. याचे मूळ आपल्या मराठीत आहे, आणि ते शोधून काढले की निम्मे दुखणे बरे होते.

मराठीत सवय सांगायची आपली रीत पाहा. ‘तो रोज देवळात जात असतो.’ ही झाली आजची सवय. ‘तो रोज देवळात जात असे.’ ही झाली कालची. व्याकरणकार पहिल्याला रीतिवर्तमानकाळ म्हणतात, दुसऱ्याला रीतिभूतकाळ. दोन वाक्यांत फरक किती? ‘असतो’ आणि ‘असे’, एवढाच. पण तेवढ्या फरकाने माणूस देवळात जायचा थांबतो. तो का थांबला हे वाक्य सांगत नाही. थांबला एवढे मात्र निश्चित. घरात बोलताना आपण ‘जात असे’ म्हणत नाही, ‘जायचा’ म्हणतो. जुन्या वळणाच्या लेखनात ‘जाई’ असते. ‘जाई’, ‘जात असे’, ‘जायचा’ ही तीनही रूपे एकाच घरची. ‘यूज्ड टू गो’ची सोयरीक या घराशी आहे, ‘जात असतो’शी मुळीच नाही.

मग घोटाळा कुठे होतो? तो होतो ‘जात असतो’ला इंग्रजीत काय म्हणायचे, इथे. इंग्रजीत त्याला फक्त ‘गोज’ म्हणतात. ‘ही गोज टु द टेंपल.’ झाले. सवयीसाठी साधा वर्तमानकाळच नेमलेला आहे. आत्ता या क्षणी चाललेल्या क्रियेसाठी ‘इज गोइंग’ वेगळे आहे. पण आपल्याला शाळेत ‘गोज म्हणजे जातो’ असे घोकवलेले असते, आणि ‘जातो’ने आपले समाधान होत नाही. ‘जात असतो’मध्ये जो रोजचा नेम आहे, जे सातत्य आहे, ते एवढ्याशा ‘गोज’मध्ये कसे मावेल? तेव्हा आपण भरघोस काहीतरी शोधू लागतो, आणि हाताशी ‘यूज्ड टू’ सापडते. त्यातून ‘यूज्वली’ हा शब्द कानाला त्याच्याजवळचा. ‘यूज्वली’ म्हणजे ‘बहुधा, नेहमी’. दोघांचे आवाज मिसळतात आणि पाय नेमका चुकीच्या फळीवर पडतो.

एकट्या मराठी माणसाचीच ही तऱ्हा आहे असे नाही. देशातल्या इतर भाषा बोलणारी मंडळीही हेच करतात, आणि सिंगापूरच्या बोलीतल्या इंग्रजीतही ‘यूज्ड टू’ आजच्या सवयीसाठी सर्रास चालते. म्हणजे चूक एकट्याची नाही. पण सोबत मोठी आहे म्हणून वाट बरोबर ठरत नाही.

यावर सोपा उपाय सांगतो. जिभेवर ‘यूज्ड टू’ आले की क्षणभर थांबावे आणि मनात मराठी वाक्य म्हणावे. शेवटी ‘असे’ किंवा ‘-चा, -ची, -चे’ आले तर ‘यूज्ड टू’ जाऊ द्यावे. ‘असतो’ आले तर ते गिळून टाकावे आणि साधे क्रियापद वापरावे. फारच रिकामे वाटले तर ‘यूज्वली’ लावावे. ‘आय यूज्वली रीड इन द ईव्हनिंग.’ नेमही सांगितला जातो आणि पुस्तकही हातातून सुटत नाही.

आता ‘यूज्ड टू’ जिथे शोभते तिथली काही वाक्ये पाहू. यासाठी आपल्या मुंबईइतकी सोयीची जागा नाही.

‘ट्राम्स यूज्ड टू रन इन बॉम्बे.’ मुंबईत ट्रामगाड्या धावत असत. १८७४ साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, १९०७ साली विजेच्या आल्या आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. आता नाहीत. म्हणून ‘यूज्ड टू’ अगदी चपखल.

‘पीपल यूज्ड टू सेन्ड टेलिग्राम्स.’ लोक तारा पाठवीत. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. तार आली म्हटल्यावर उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई, हे आजच्या मुलांना खरे वाटणार नाही.

‘वुई यूज्ड टू लिसन टु बिनाका गीतमाला ऑन वेन्झडेज.’ रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम बुधवारी रात्री लागायचा, आणि ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून ऐकायचे.

या तीनही वाक्यांत एक गोष्ट सारखी आहे. पूर्वी पुनःपुन्हा घडणारे काहीतरी आहे, आणि ते आता संपले आहे. ‘यूज्ड टू’ हे संपलेल्या गोष्टींचे क्रियापद आहे. ‘ही यूज्ड टू स्मोक, अँड ही स्टिल डज’ असे इंग्रज म्हणू शकतो; ‘पूर्वी ओढायचा आणि अजूनही ओढतो.’ पण ही पुस्ती मुद्दाम जोडावी लागते. जोडली नाही तर ऐकणारा समजतो, की सुटली बिचाऱ्याची सिगारेट.

इथेच आणखी एक पथ्य सांगून ठेवतो. किती वर्षे किंवा किती वेळा हे सांगायचे असेल तर ‘यूज्ड टू’ चालत नाही. ‘ट्राम्स यूज्ड टू रन इन बॉम्बे फॉर नाइन्टी इयर्स’ हे चूक. ‘ट्राम्स रॅन इन बॉम्बे फॉर नाइन्टी इयर्स’ हे बरोबर. तसेच ‘मी तीनदा काशीला गेलो होतो’ याला ‘यूज्ड टू’ लावू नये. मोजून दाखवता येते तिथे साधा भूतकाळ पुरतो. ‘यूज्ड टू’ न मोजलेल्या दिवसांसाठी आहे. मराठीतही आपण ‘मी तीनदा काशीला जात असे’ म्हणत नाही; तेव्हा हे पथ्य आपल्याला जड जाऊ नये.

दुसरे पथ्य ‘वुड’चे. जुन्या आठवणी सांगताना इंग्रज ‘वुड’ही वापरतो. ‘ग्रँडमदर वुड टेल अस स्टोरीज.’ आजी गोष्टी सांगायची. हे ठीक. पण ‘वुड’ फक्त क्रियेला लागतो, स्थितीला नाही. ‘इथे एक विहीर होती’ याला ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर’ म्हणावे. ‘देअर वुड बी’ म्हटले तर ऐकणारा भलतीकडेच पाहू लागेल. संशय आला तर ‘यूज्ड टू’ घ्यावे. ते दोन्हीकडे चालते.

एवढे सारे वाचून एखादी भगिनी म्हणेल, ‘असो हो, एका शब्दाने काय बिघडते? ऐकणारा समजून घेतो.’ समोर बसलेला, ओळखीचा माणूस समजून घेतोही. पण कागद समजून घेत नाही. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत घडले ते सांगतो.

तळमजल्यावर एक वहिनी राहतात. सत्तरी ओलांडलेली, जुन्या अकरावीच्या मॅट्रिक, एका कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. एकुलता एक मुलगा परदेशात. सुनेला दिवस गेलेले, म्हणून बाळंतपणाला जायचे होते. व्हिसाच्या अर्जासोबत आपल्या उदरनिर्वाहाची माहिती देणारे एक पत्र हवे होते. वहिनी स्वाभिमानी. एजंटाला पैसे देऊन पत्र लिहवून घेणे त्यांना पटेना. त्यांनी स्वतः बसून, सुंदर वळणदार अक्षरात पत्र लिहिले. त्यात होते, ‘माय सन यूज्ड टू सेन्ड मी मनी एव्हरी मंथ. ही यूज्ड टू कॉल मी एव्हरी संडे.’

मुलाखतीला बोलावणे आले. अधिकाऱ्याने पत्र वाचले आणि शांतपणे विचारले, ‘व्हेन डिड ही स्टॉप?’ वहिनींना प्रश्नच उमगेना. शेवटी त्याने आणखी कागदपत्रे आणायला सांगितली आणि अर्ज बाजूला ठेवला.

त्या संध्याकाळी वहिनी पत्राची प्रत घेऊन माझ्या दाराशी उभ्या. चेहरा लाल झालेला.

‘भाऊजी, तो माणूस मला विचारतो, तुमच्या मुलानं पैसे पाठवणं कधी बंद केलं! दर महिन्याच्या पाच तारखेला येतात हो पैसे. एक महिना चुकलेला नाही. मी असं लिहीन तरी कशी?’

मी पत्र वाचले. म्हणालो, ‘वहिनी, तुम्ही तसं लिहिलं नाही. पण कागद तसं म्हणतोय.’

मग ‘असे’ आणि ‘असतो’ यांची सगळी हकीकत सांगितली. त्यांना ती चटकन कळली. जुन्या शाळेत व्याकरण चांगले घोटून घेत. पेन्सिलीने मी दोन्ही ठिकाणचे ‘यूज्ड टू’ खोडले. ‘माय सन सेन्ड्स मी मनी एव्हरी मंथ. ही कॉल्स मी एव्हरी संडे.’ वहिनींनी ते वाचून पाहिले. त्यांचे समाधान झाले नाही.

‘एवढंच? पहिलीतल्या पोरानं लिहिल्यासारखं वाटतंय.’

‘वाटू द्या,’ मी म्हणालो. ‘पण यात मुलगा पैसे पाठवतोय.’

त्याच पत्रात पुढे, आजवर मुलाकडे का गेला नाहीत याचे कारण दिले होते. ‘माय हजबंड डज नॉट लाइक टु ट्रॅव्हल बाय एअर.’ यजमानांना विमानाचा प्रवास आवडत नाही. यजमानांना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. म्हणजे पत्रात जिवंत मुलगा भूतकाळात गेला होता आणि गेलेले यजमान वर्तमानकाळात होते. मी पेन्सिल त्या ओळीवर टेकवली, पण खोडायला हात होईना. वहिनींच्या ते लक्षात आले.

‘इंग्रजीत करा हो तुम्ही काय ते,’ त्या म्हणाल्या. ‘मराठीत मी म्हणते तेच म्हणणार.’

‘डज’चे ‘डिड’ केले. नवे पत्र गेले, बँकेच्या पासबुकाच्या प्रती गेल्या, व्हिसाही मिळाला. पण या खटपटीत दिवस गेले ते गेलेच. बाळंतपण हुकले, बारसे तेवढे साधले. नातवाला पाळण्यात घालायला वहिनी होत्या, पण लेकरू पहिल्यांदा रडले तेव्हा नव्हत्या. दोन शब्दांची किंमत कधीकधी एवढी पडते.

मराठीत आपण हे शब्द किती जपून वापरतो, हे यानंतर माझ्या लक्षात येऊ लागले. घरातले माणूस गेले की त्याच्या वस्तू हळूहळू हलतात. चष्मा, काठी, चपला. त्याची क्रियापदे मात्र सर्वांत शेवटी हलतात. ‘त्यांना आमटी गोड लागते’ याचे ‘लागायची’ व्हायला कित्येक महिने जातात, आणि पहिल्यांदा ते ‘लागायची’ तोंडून निघते तेव्हा बोलणाऱ्याचे त्यालाच चमकल्यासारखे होते. आपल्या भाषेत ज्या प्रत्ययाला एवढे वजन आहे, त्याचा इंग्रजी भाऊ आपण रस्त्यावर चालता चालता उधळीत जावा, हे बरे नव्हे.

आता थोडे उच्चाराकडे वळू. मी आतापर्यंत ‘यूज्ड टू’ असे लिहीत आलो, कारण आपल्याकडे तसेच लिहितात. पण कानांनी ऐकाल तर इंग्रज असे म्हणत नाही. ‘वापरला’ या अर्थाच्या ‘यूज्ड’मध्ये ‘जहाज’मधल्यासारखा ‘ज’ आहे. सवयीच्या अर्थाचा शब्द मात्र ‘यूस्टू’ असा, ‘स’ घेऊन आणि एका दमात येतो. ‘द नाइफ आय यूज्ड टु कट द केक’ म्हणजे केक कापायला मी वापरलेली सुरी, इथे ‘ज’. ‘आय यूस्टू कट द केक’ म्हणजे केक मी कापायचो, इथे ‘स’. लिहिताना दोन्हीकडची अक्षरे तीच. कान मात्र दोघांना वेगळे ओळखतो.

प्रश्न विचारताना आणि नकार देताना ‘डिड’ येतो, आणि मग ‘यूज्ड’चा शेवटचा ‘ड’ लेखनात गळतो. ‘डिड यू यूज टू लिव्ह इन पूना?’ तुम्ही पुण्याला राहायचात का? ‘ही डिडन्ट यूज टू ईट अनियन्स.’ तो कांदा खात नसे. बोलताना हा फरक ऐकू येत नाही, त्यामुळे परीक्षेला बसणाऱ्या चिरंजीवांनीच याची विशेष काळजी घ्यावी. बोलण्यात नकारासाठी ‘नेव्हर यूज्ड टू’ म्हटले की भागते.

एक मौजेची गोष्ट. ‘यूज’ या क्रियापदाचा ‘परिपाठ असणे’ हा अर्थ फार जुना आहे, आणि एके काळी तो वर्तमानकाळातही चालत होता. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या राजा जेम्सच्या बायबलात, ११९ व्या स्तोत्रात तो भेटतो. म्हणजे आपला मुलाखतीतला उमेदवार चारशे वर्षांपूर्वी जन्मला असता तर त्याला फक्त एक ‘ड’ गाळावा लागला असता! पुढे त्या अर्थाचे वर्तमानकाळी रूप झडून गेले आणि भूतकाळी तेवढे उरले. जे क्रियापद गेलेल्या सवयी सांगते, त्याचे स्वतःचेही अर्धे अंग असे गेलेले आहे.

आता शेवटचा, पण मोठा घोळ. ‘यूज्ड टू’ला एक जुळा भाऊ आहे. त्याच्याआधी ‘ॲम, इज, आर’ किंवा ‘गेट’ येते आणि अर्थ पालटतो. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे मी लवकर उठायचो. आता आठपर्यंत लोळतो. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे; उद्याही उठेन. पहिल्यात ‘गेट’, दुसऱ्यात ‘गेटिंग’. आपली माणसे ‘आय ॲम यूज्ड टू गेट अप’ म्हणून दोघांचे लग्न लावून देतात, ते टिकत नाही.

‘आय-एन-जी’ कुठे लावायचे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. क्रियापदाच्या जागी एखादी वस्तू ठेवून पाहा. ‘आय ॲम यूज्ड टू द कोल्ड’, मला थंडीची सवय आहे. वस्तू बसली, म्हणजे तिथे क्रियापद आले तर त्यानेही वस्तूसारखे, ‘आय-एन-जी’ची टोपी घालून बसावे. ‘आय यूज्ड टू द कोल्ड’ मात्र बसत नाही. म्हणून तिथे टोपी नको.

आणि ‘गेट यूज्ड टू’ म्हणजे सवय होत जाणे. यासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. नवी सून सासरी रुळते. पोर शाळेला सरावते. गिरणीच्या भोंग्याला उठणे अंगवळणी पडते. नव्या गावचे पाणी मानवते. इंग्रज या सगळ्यांना ‘गेट यूज्ड टू’ एवढेच म्हणतो. त्यामुळे परदेशी गेलेल्या मुलाने फोनवर ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट’ म्हटले, तर त्याला रुळलो म्हणायचे आहे, सरावलो म्हणायचे आहे, की नुसते सोसतो आहे म्हणायचे आहे, हे शब्दावरून कळणार नाही. तिथे आईने मराठीत विचारावे. उत्तर मराठीतच मिळेल.

आता फराळ संपण्यापूर्वी थोडा अभ्यास. पाच वाक्ये देतो. मुलांना, सुनांना, आजोबांना, सर्वांना गोल बसवून इंग्रजी करायला सांगा. उत्तरे लगेच पुढे आहेत, ती हाताने झाका.

एक : बाबा रोज सकाळी पर्वतीवर जातात. दोन : आमच्या वाड्यात एक आड होता. तीन : मी नागपूरला सहा वर्षे राहिलो. चार : मला आता लोकलच्या गर्दीची सवय झाली आहे. पाच : दिवाळीत आई आम्हांला पहाटे चारला उठवायची.

उत्तरे घ्या. पहिल्यात ‘यूज्ड टू’ घालाल तर बाबा घरी बसतील : ‘बाबा गोज अप पर्वती एव्हरी मॉर्निंग.’ दुसऱ्यात ते हवेच : ‘देअर यूज्ड टू बी अ वेल इन अवर वाडा.’ तिसऱ्यात वर्षे मोजली आहेत, म्हणून नको : ‘आय लिव्ह्ड इन नागपूर फॉर सिक्स इयर्स.’ चौथ्यात जुळा भाऊ : ‘आय हॅव गॉट यूज्ड टू द क्राउड इन द लोकल.’

पाचवे : ‘मदर यूज्ड टू वेक अस अप ॲट फोर इन दिवाळी.’ आई आता उठवीत नाही, एवढे हे वाक्य सांगते. मुले दूरगावी गेली, की गजराने आईचे काम घेतले, की आणखी काही झाले, ते सांगत नाही. ते ज्याचे त्याने जाणावे. आणि ज्यांच्या घरी आई यंदाही पहाटे चारला दिवा लावून, तेलाची वाटी घेऊन उशाशी उभी राहणार आहे, त्यांनी ‘यूज्ड टू’च्या भानगडीत मुळीच पडू नये. ‘मदर वेक्स अस अप ॲट फोर’ म्हणावे, आणि कुरकुर न करता उठावे.